शोकाकुल : रबरी बटणं परिवार

कोल्हापूर, ३ जून २०२५

हंबीरकाका,

तुम्ही मला ओळखणार नाही. मी रूपाली, सम्मेद मगदूम यांची मुलगी. आप्पांच्या कॉम्प्युटरच्या खोक्यात एक जुनं पाकीट सापडलं, त्यावर तुमचा पत्ता होता. हे पत्र पोचलं तर तुम्ही अजून इचलकरंजीतच आहात असं समजेन. नाही पोचलं तर पोस्टमन वाचेल आणि हसेल.

आप्पांना फेब्रुवारीत अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. ऐकू येतं, सगळं कळतं, पण तोंडातून शब्द निघत नाही. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस, आता पाणी हवं असलं तरी ताटावर चमचा आपटतो. मला रडू येतं, आणि मग मी त्यांच्यावरच ओरडते. अशी आमची गत आहे.

मागच्या आठवड्यात शिरोळच्या घरातून त्यांचा तो जुना कॉम्प्युटर, स्पेक्ट्रम, आणला. आठवतो ना? टीव्हीला जोडायचा, वहीएवढा, रबरी बटणांचा. २०१९ च्या पुरात तो पाण्यात होता. मी सहज त्यांच्या मांडीवर ठेवला. तर काका, डावा हात उठला आणि त्यांनी एका बोटानं बटण दाबलं. त्यावर अख्खा शब्द छापलेला आहे, ‘लोड’. मग टीव्हीकडे बघितलं. मग दुसरं बटण, ‘रन’. परत टीव्हीकडे. झटक्यानंतर पहिल्यांदा ते काहीतरी म्हणत होते! एका बटणात एक शब्द, याहून सोयीचं यंत्र त्यांच्यासाठी कुठलं असणार? पण टीव्हीवर काहीच उमटेना. त्यांनी हात झटकला आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुरुस्तीवाला म्हणतो, आतली मुख्य चिप गेली आहे. ती आता बनत नाही, तसल्याच दुसऱ्या मशीनमधून काढावी लागेल. तुमच्याकडे आहे का? किंवा ओळखीत कुणाकडे? डॉक्टर म्हणतात, जे काही परत यायचं ते पहिल्या काही महिन्यांतच येतं. म्हणून ही घाई.

रूपाली


इचलकरंजी, ८ जून

पोरी रूपाली,

तुझं पत्र वाचलं आन् खुर्चीतच बसून ऱ्हायलो. सम्मेद बोलत न्हाय? अरं देवा! पॉलिटेक्निकला असताना ह्यो गडी घटकाभर गप बसावा म्हणून आमी पैजा लावत हुतो. सत्त्याऐंशी साली आमच्या मागाच्या शेडात बसून आमी दोघांनी त्याच्या स्पेक्ट्रमवर लुगड्याच्या किनारीचा प्रोग्राम लिवला. टीव्हीवर किनार उमटली तवा माझा बा म्हणला, “समदं झ्याक हाय, पर सूत कुठाय?” सम्मेद हसून हसून मागावर पडाय आलता.

कागदावर लिवतोय म्हणून हसू नको. मोबाईलवर माझ्या हातनं निस्ती भांडणं हुत्यात.

आता कामाचं. माझ्याकडं ती चिप न्हाय, असती तर कवाच दिली असती. पर आमचा एक ग्रुप हाय, ‘रबरी बटणं’. जुनी घरगुती मशीनं जपणारी माणसं, दीडशे तरी असतील. तुला त्यात घालतो. दोन रिवाज तेवढं समजून घे. नव्या माणसानं मशीन उघडून आतलं फोटो टाकायचं, मग समदी मिळून त्याचा पंचनामा करत्यात, अस्सल हाय का जोडकाम. आन् एखादं मशीन कायमचं गेलं की त्याचं श्रद्धांजलीचं कार्ड निघतं. हार, समई, ‘शोकाकुल : रबरी बटणं परिवार’, आन् खाली समद्यांनी हात जोडायचं. ही टूम माझीच बरं का! चौकातलं फ्लेक्स बघून सुचली. लई हसतो आमी.

जरा चिडवतील तुला. स्पेक्ट्रमवाले आन् कमोडोरवाले, म्हंजी दुसऱ्या कंपनीच्या मशीनवाले, चाळीस वर्सं झाली एकमेकाचं तोंड बघत न्हाईत, मधी कोण सापडला की त्याला दोन्हीकडनं मार. मनावर घिऊ नको.

तुझा काका,
हंबीरराव घोरपडे


कोल्हापूर, २४ जून

हंबीरकाका,

“जरा चिडवतील” असं तुम्ही लिहिलं होतं. मी दवाखान्यात रक्त तपासते, दिवसभर लोकांची किरकिर ऐकते. चिडवण्याचं मला काही वाटत नाही. पण हे काय होतं हो?

मी मशीन उघडून फोटो टाकले. पहिला तास बरा गेला. मग तो यशराज म्हणून कोण आहे, त्यानं लिहिलं, “चिखल नवा हाय. पुराचा चिखल असा नसतोय.” झालं! चिखलावर चर्चा सुरू. एक म्हणतो हा कृष्णेचा नव्हे, पंचगंगेचा. दुसरा म्हणतो कुंडीतली माती कालवून लावली आहे. मग एका चिपवरचं साल मशीनच्या सालाशी जुळेना. ती आप्पांनी स्वतः बदलली होती असं मी सांगितलं, तर उत्तर आलं, “आजारी बाप पुढं केला की पार्ट फुकटात मिळतात, मग ते परदेशात विकायचे. ही पुण्याची दलाल हाय.”

तिथून जे सुटले ते सुटले. कुणीतरी माझा दवाखाना शोधून काढला आणि तिथे फोन करून विचारलं, हिला खरंच बाप आहे का? माझ्या साहेबांना विचारलं, काका! आणि एकानं लिहिलं, “बाप खरा असंल तर व्हिडिओ टाक. वाकडं झालेलं तोंड दिसू दे.” मी फोन पालथा ठेवला. साठी उलटलेली माणसं आहेत ही. फोटोत नातवंडं मांडीवर घेऊन बसलेली.

आणि तुम्ही? तुम्हाला सगळे तिथे दादा म्हणतात. “मी हिच्या बापाला ओळखतो” एवढी एक ओळ तुम्ही लिहिली असती तर पुरलं असतं. तुम्ही वाचत होता, मला दिसत होतं.

आप्पा अजून रोज ते बंद मशीन मागतात. ‘लोड’ दाबतात, टीव्हीकडे बघतात.

रूपाली


इचलकरंजी, २९ जून

पोरी,

रागावलीस, बरोबर हाय. व्हिडिओचं ज्यानं लिवलं त्यो हलकट हाय, त्याला मी धरणार. पर बाकीचं तू लई लावून घेतलंस. आपल्याकडं माणूस पिरमानं बोलला तरी शेजारच्याला भांडण वाटतंय. खरं सांगायचं तर ग्रुपवर कुणाची बाजू घेतली की दुसऱ्या दिवशी त्याचाच पंचनामा सुरू हुतोय. म्हणून म्हणलं, आपसूक थंड हुईल.

त्यात माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. खाटंवर पडून हाय, दीड-दोन महिनं पायरी उतरायची न्हाय म्हणं. न्हाईतर तिकडं यिऊन समक्ष सांगितलं असतं.

एक कर. आमच्या शेडात काढलेला सम्मेदचा फोटो असंल बघ तुमच्यात. पांढरा शर्ट, मांडीवर मशीन, मागं माझा माग. त्यो ग्रुपवर टाक. फोटोपुढं कोण काय बोलणार? तोंडं गप हुतील आन् चिप बी निघंल.

हंबीरकाका


इचलकरंजी, ११ जुलै

पोरी रूपाली,

सकाळी शिरोळच्या एका पावण्यानं फोटो धाडला. हार घातलेला सम्मेद. आमच्या शेडातलाच फोटो, त्योच पांढरा शर्ट. खाली ‘कैलासवासी सम्मेद मगदूम’. तुला फोन लावाय घेतला आन् ठिवला. पोरीला काय म्हणू? गुडघा बांधलेला, न्हाईतर खांदा द्याय आलो असतो गं.

तुझ्या बाला तू आजारी बघितलंस, मी कसा बघितला त्ये सांगतो. माझा बा गेला तवा शेडातलं माग बंद पडलं हुतं, कामगार दारात. ह्यो शाळा करून रोज यष्टीनं इचलकरंजीला यायचा, रातपाळीला माझ्या जोडीला उभा ऱ्हायचा. मागाचं काय सुदीक येत न्हवतं त्याला! धागा तुटला की “हंब्या, तुटला!” म्हणून बोंबलायचा. तेवढंच काम. पर त्येच्या त्या बोंबलण्यावर मी जगलो. असा माणूस मला परत गावला न्हाय, आन् मी त्याला एकदा बी तसं म्हणलो न्हाय.

आन् ऐक, तू मला कायबी म्हण. माझ्या कपाटात तीन स्पेक्ट्रम हाईत. एक आजबी चालू हाय. तुला मी न्हाय म्हणून लिवलं. चिप काढली की माझं मशीन अस्सल ऱ्हायलं नसतं, निस्तं एवढ्यासाठी. सम्मेद शेवटाला चार शब्द बोलला असता, त्ये मी कपाटात कुलूप लावून ठिवलं. आता त्या कपाटाकडं बघवत न्हाय मला.

तुझ्या आईला जप.

हंबीरराव


कोल्हापूर, १६ जुलै

हंबीरकाका,

आप्पा जिवंत आहेत.

समोर बसलेत. आई पेज भरवते आहे. मी परत लिहिते, म्हणजे तुम्हाला नीट वाचता येईल. आप्पा जिवंत आहेत.

तुम्ही सांगितलंत म्हणून मी तो शेडातला फोटो ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी, नऊ तारखेला, त्याच फोटोचं कार्ड निघालं. मशीनचं नाही, आप्पांचं. तोंडाभोवती हार, बाजूला समई, ‘कैलासवासी सम्मेद मगदूम’. आणि खाली बारीक अक्षरात, ‘चिखलात वीरमरण. शोकाकुल : रबरी बटणं परिवार’. मी ग्रुपातून बाहेर पडले आणि घरात कुणाला काही बोलले नाही. वाटलं, संपलं.

कुठलं संपतंय! कुणीतरी खालची ओळ कापून तो फोटो पुढे ढकलला. फिरत फिरत शिरोळला पोचला. शुक्रवारी सकाळी दोन जीप भरून पाहुणे आले. झुंबरआत्यांनी, आप्पांच्या बहिणीनं, खालच्या जिन्यातच टाहो फोडला. दार उघडं होतं आणि आप्पा दारासमोरच खुर्चीत बसलेले. आत्यांनी त्यांना बघितलं आणि त्या दुप्पट किंचाळल्या. मग सगळे एकदम बोलायला लागले, कुणी रडतंय, कुणी हसतंय, कुणी पाया पडतंय. आणि एका शहाण्यानं, हे बघा काय आलंय, म्हणून मोबाईल आप्पांच्या तोंडासमोर धरला.

त्यांनी तो फोटो बघितला, काका. बराच वेळ बघितला. मग माझ्याकडे बघितलं. ते डोळे मी कुठे ठेवू सांगा.

त्या दिवसापासून त्यांनी बटणांना हात लावलेला नाही. मशीन मांडीवर ठेवलं तर ढकलतात. चमचा आपटणंसुद्धा बंद केलंय. भरवलं तर खातात, नाहीतर भिंतीकडे तोंड. आई म्हणते, ह्यांनी स्वतःला गेलेलं धरलंय.

आता तुमचं. ग्रुप सोडण्याआधी त्या कार्डाखाली हात कुणी कुणी जोडलेत ते मी बघितलं. वरून सहावं नाव तुमचं होतं. ज्या फोटोला तुम्ही हात जोडून मोकळे झालात, त्याच फोटोवर दोन दिवसांनी रडलात. तुमचं पत्र हातात घेऊन मला कळेना, हसू का किंचाळू.

कपाटातलं मशीन तुम्हाला लखलाभ. ज्यानं कार्ड केलं त्याला आप्पांसमोर आणून बसवा. मला दुसरं काही नको.

रूपाली


इचलकरंजी, २० जुलै

रूपाली,

सम्मेद हाय! पयल्या वळीवर मी मोठ्यांदा वरडलो, बायको पळत आली. मग पुढचं वाचलं आन् तोंड लपवाय जागा उरली न्हाय.

मी त्ये कार्ड उघडलंच न्हवतं. मोबाईल उशाला, गोळ्यांची गुंगी. आपल्या ग्रुपातनं कार्ड आलं की बोट आपसूक जातंय, हात जोडून मोकळा. तोंड कुणाचं हाय त्ये बघितलंच न्हाय. आजपातूर किती कार्डांना मी असं हात जोडलं असतील कुणास ठावं. ही टूम माझी, आन् मीच तिला फसलो. लाज वाटती म्हणून काय उपेग?

कार्ड यशराजनं केलं. त्याला फोन लावला. म्हणला, “दादा, तुमचीच तर टूम हाय की. जरा पुढं न्हेली.” मी फोन ठिवला. मग ग्रुपवर लिवलं, पयल्यांदा समद्यांसमोर लिवलं, की सम्मेद मगदूम माझा मैतर हाय, ही त्याची पोरगी हाय, चिखल खरा हाय. आजपासनं कार्डं बंद. आन् यशराजनं कोल्हापूरला जाऊन त्या माणसाम्होरं बसायचं. अजून कोण काय बोललं न्हाय.

आमच्या कापडाच्या टेम्पोवरच्या गुंडूबरोबर चालू मशीन धाडतोय. चिप न्हवं, अख्खं मशीन. संगं जुना टीव्ही आन् टेप हाय. टेपमधी किनारीचा प्रोग्राम हाय. लखलाभ म्हणू नको. तुला न्हाय देत, सम्मेदला देतोय.

हंबीरराव


कोल्हापूर, ३ ऑगस्ट

हंबीरकाका,

गुंडूनं टीव्ही पाठीवर घेऊन वर चढवला. चहासुद्धा घेतला नाही. खोकं मी रागानं तसंच कोपऱ्यात ठेवलं. आप्पा बघत होते, पण हात पुढे केला नाही.

मग एक दिवस मला काय वाटलं कुणास ठाऊक, तुमचं ते अकरा तारखेचं पत्र काढलं, ते गेले म्हणून लिहिलेलं, आणि त्यांना वाचून दाखवलं. आई म्हणाली, अगं, वेड लागलंय का तुला? मी वाचत राहिले. “हंब्या, तुटला!” आलं आणि आप्पांचा डावा गाल हलला. मग घशातून आवाज आला. मी घाबरले, परत झटका आला की काय. आप्पा हसत होते. डोळ्यांतून पाणी, आणि हसत होते.

हसून झाल्यावर त्यांनी खोक्याकडे बोट केलं.

टेप लावली. ‘लोड’ त्यांनी दाबलं, बाकीची बटणं मी. काय तो आवाज, देवा! खालच्या काकू वर आल्या, मिक्सर जळाला का विचारायला. टीव्हीवर रंगीत पट्टे पळाले आणि मग तुमची किनार उमटायला लागली, एकेक ओळ. आप्पा मास्तरासारखे ताठ बसले. रोजचं बसतात तसे नव्हे.

आता ते रोज बसतात. संध्याकाळी माझ्याकडे बघतात, तुमच्या पत्रावर बोट ठेवतात आणि ‘लिस्ट’ दाबतात. म्हणजे परत वाच. ते गेल्यावर तुम्ही लिहिलेलं त्यांना जिवंतपणी ऐकायला मिळालंय, सोडतील कसे? काल ‘न्हाय’ असा काहीतरी आवाजही काढला. डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणाले चालू ठेवा.

यशराज आलेला नाही. मी तुम्हाला माफ केलंय असंही समजू नका, मला ते इतक्यात जमणार नाही. पण परवा मी आप्पांना विचारलं, हंबीरकाकांना काय कळवू? त्यांनी बराच वेळ बटणांवरून बोट फिरवलं. मग दाबलं, ‘रिटर्न’. मला त्याचा अर्थ कळत नाही. निरोप जसा आहे तसा कळवते.

रूपाली


इचलकरंजी, ९ ऑगस्ट

पोरी रूपाली,

आज सकाळी आमच्या दारात रडारड. मी तोंडात ब्रश घिऊन बाहेर आलो, तर शेडातला केरबा हार घिऊन उभा, मागं चार बायका. मला बघून त्याच्या हातातला हार खाली पडला. माझं कार्ड निघालंय.

केरब्याच्या मोबाईलवर बघितलं. ‘कैलासवासी हंबीरराव घोरपडे. दलालाच्या मांडीवर वीरमरण.’ माझं तोंड, माझ्या तोंडाभवती हार. खाली हात जोडलेली नावं वाचली. ह्यातल्या किती जणांच्या हातात मी पयल्यांदा सोल्डरिंगची कांडी दिली हाय. चाळीस वर्सांची वळख, पोरी! कुणाच्या लग्नात वाढलंय, कुणाच्या बाला दवाखान्यात न्हेलंय. एकजण बी म्हणला न्हाय की ह्यो जिवंत हाय. दाराला धरून उभा ऱ्हायलो. सम्मेदनं भिंतीकडं तोंड का केलतं त्ये मला तवा कळलं.

ग्रुप सोडला.

रिटर्नचा अर्थ सम्मेदला मीच शिकिवलाता. जिथनं गेलतास तिथं माघारी यायचं, आन् तिथनं फुडच्या वळीवर चालाय लागायचं. डॉक्टर अजून दहा दिवस थांब म्हणतोय, मी थांबत न्हाय. सोमवारी गुंडूच्या टेम्पोतनं येतोय. तू दार उघडलंस तर आत येतो, न्हाय उघडलंस तर जिन्यात बसून वर हाक मारतो, त्याला माझा आवाज वळखू यील. त्याला म्हणावं, आपुन दोघं कैलासवासी एका मशीनम्होरं बसू.

झुंबरबाईला तेवढं आदी कळीव, म्हणावं हंबीरराव चालत येतोय.

हंबीरकाका